आधी दूध, मग राजीनामा

उस्तादांची आणि माझी शेवटची भेट झाली, तीसुद्धा भांडणानंच. माझ्या बदलीची ऑर्डर निघाली होती, गारगोटीला. एवढ्या वर्षांच्या नोकरीनंतर पुन्हा नवीन ठाणं, पुन्हा नवीन माणसं, गुडघे दुखायला लागलेले, लेकीची दहावी तोंडावर. मी तशीच तणतणत रंकाळ्याकडच्या त्यांच्या घरी गेले. उस्ताद अंगणात बाजल्यावर बसले होते आणि समोर म्हैस वैरण खात होती. मी पर्समधून कागद काढला आणि त्यांच्या हातात दिला. पुढच्या वर्षी माझी वीस वर्षं भरतात, त्या दिवशी द्यायचा स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज मी आधीच लिहून ठेवला होता. त्यांनी तो हात लांब करून, डोळे बारीक करून सगळा वाचला, घडी घालून मला परत दिला आणि म्हणाले, "अक्षर अजून गचाळच हाय तुजं." बस्स. नको सोडू म्हणाले नाहीत, सोड म्हणाले नाहीत. आत काकींना, म्हणजे त्यांच्या बायकोला, हाक मारून मला दूध द्यायला सांगितलं. मी म्हटलं, उस्ताद, माझं वजन बघा, वय बघा, आता कसलं दूध पाजताय... तर म्हशीकडं बघत म्हणाले, "गारगोटीच्या बाजूला मी लई दिवसांत गेलो न्हाय." मला वाटलं, झालं, म्हाताऱ्याचं आता लक्ष लागत नाही. दूध प्यायले, कारण त्यांच्या घरात त्याला इलाज नव्हता, आणि फुगून घरी आले. त्यांना 'तुम्ही कसे आहात' एवढंही विचारलं नाही, हे मला आता टोचतं.

बारा-तेरा दिवसांनी काकींचा फोन आला. मी बंदोबस्तात उभी होते. उस्तादांनी पहाटे उठून धार काढली, अंगणात येऊन बसले, चहा मागितला आणि चहा येईस्तोवर गेले. काकी फोनवर रडत होत्या आणि मधेच म्हणाल्या की अगं, म्हशीला आंबोण पण घालून गेला बघ माणूस. मी रस्त्याच्या कडेला उभी राहून टोपी काढून रडले. येणारे-जाणारे बघत होते. बघू देत. पण खरं सांगायचं तर तेव्हापासून आजपर्यंत, या पाच-सहा आठवड्यांत, उस्तादांची आठवण निघाली की रडू नंतर येतं, आधी हसू फुटतं. तुम्हाला सगळं सांगितलं तर तुम्हालाही फुटेल.

त्यांचं नाव तुकाराम चौगुले. पोलिसात हवालदार होते, कवायत शिकवणारे, आणि कवायत शिकवणाऱ्याला पोलिसात उस्तादच म्हणतात. लहानपण तालमीत गेलेलं. निवृत्त झाल्यावर शेती आणि एक म्हैस एवढंच करायचं ठरवलं होतं. तेवढ्यात नव्वदच्या आसपास सरकारनं एक योजना काढली. मागासवर्गीय मुलींना पोलीस भरतीसाठी तीन महिने तयार करायचं, त्यासाठी संस्थेला अनुदान. बूट, खुराक, शिकवणाऱ्याचं मानधन, सगळं त्यात. शाहूपुरीतल्या एका छोट्या संस्थेला ते मिळालं आणि संस्थेनं उस्तादांना गाठलं. अनुदानाला एक शेपूट मात्र होतं. नुसत्या मुली भरती करून भागायचं नाही, भरती झालेल्यांतल्या निम्म्या तरी एक वर्षानंतर नोकरीत टिकलेल्या दिसल्या पाहिजेत. तरच पुढच्या तुकडीला पैसे. त्या काळात बाई पोलिसात जायची ती रडत आणि यायची ती पळत, म्हणून सरकारनं ही अट घातली असावी. उस्तादांनी ही अट एका कानानं ऐकली, कारण त्यांचं सगळं ध्यान 'खुराक' या एका शब्दावर अडकलं होतं.

मी आजऱ्याची. आमची बौद्धवाडी, वडील नाहीत, आई काजूच्या कारखान्यात काजू फोडायला जायची. काजूच्या तेलानं तिची बोटं काळी पडलेली आणि टोकाला सोललेली असत, त्या बोटांनी तिनं मला बारावी केली. घरात दूध यायचं ते चहापुरतं, आणि चहा पाहुण्यापुरता. आम्ही अठरा मुली होतो आणि थोड्याफार फरकानं सगळ्यांची हीच गत. पहिल्या दिवशी उस्तादांनी आम्हाला ओळीत उभं केलं, एकेकीचं मनगट चिमटीत धरून बघितलं आणि तोंड असं केलं की जणू बाजारात चुकीचा बैल घेतलाय. धावायला लावलं तर दुसऱ्या फेरीला एक मुलगी चक्कर येऊन पडली. सकाळपासून काही खाल्लं नव्हतं तिनं. शुद्धीवर येऊन ती म्हणाली की मला जमणार नाही, मी घरी जाते. उस्ताद तिच्या शेजारी मातीत फतकल मारून बसले आणि त्यांनी तो नियम सांगितला, जो नंतर आम्हाला पाठच झाला. "जा की. न्हाय कोण म्हनतंय? पर उपाशीपोटी काय ठरवायचं न्हाय. आधी पी, खा, मग ठरव." ती मुलगी गेली नाही.

दुसऱ्या दिवशी मैदानावर दोन म्हशी आल्या. कोल्हापुरात गंगावेशीकडं संध्याकाळी रस्त्यावर म्हशी उभ्या करून गिऱ्हाइकासमोर धार काढून दूध देतात, ते प्यायल्याशिवाय तालमीतल्या माणसाला झोप लागत नाही. तीच सोय उस्तादांनी आमच्या मैदानावर आणली. पिशवीतलं दूध म्हणजे त्यांच्या मते पांढरं पाणी. एक म्हैस त्यांची स्वतःची, एक अनुदानाच्या खुराकातून लावलेली. आम्ही कवायत करायची, ओळीनं जायचं, पितळी पेला पुढं धरायचा, त्यात फेसाळ धार पडायची. त्यावर अंडी. संध्याकाळी बदाम वाटून केलेली थंडाई. रविवारी काकींच्या हातचा शिरा, तुपात पोहणारा. आम्हाला तर स्वर्गच. मी आयुष्यात पहिल्यांदा पोटभर दूध प्यायले ते सरकारी अनुदानातलं, हे मी आजही अभिमानानं सांगते.

व्हायचं तेच झालं. उस्तादांना पोरी तयार करायची एकच रीत माहीत होती, तालमीची. पैलवानाला जसं वाढवायचं तसं त्यांनी आम्हाला वाढवलं. दीड महिन्यात आमच्या गालांवर तकाकी आली, दंड भरले, फेकलेला गोळा कुठल्या कुठं जायला लागला... आणि धावण्याची वेळ दर आठवड्याला वाढत चालली. लांब उडीच्या खड्ड्यात आम्ही पडलो की वाळू बाहेर उडायची. उस्तादांना वाटायचं हातातलं घड्याळच बिघडलंय. ते कानाला लावून बघायचे, झटकायचे. घड्याळ शहाण्यासारखं चालत होतं.

अशात पुण्याहून तपासणीला साहेब आले. अनुदानाचा विनियोग बघायला. आले तेव्हा दूध पिण्याचीच वेळ होती. अठरा मुली सावधान उभ्या, अठराही जणींना फेसाच्या मिशा, आणि मधोमध दोन म्हशी. साहेबांनी आम्हाला धावायला सांगितलं. आम्ही धावलो म्हणजे काय, गडगडत गेलो. परत आल्यावर एकीलाही बोलता येईना. साहेबांनी घड्याळाकडं बघितलं आणि विचारलं, "उस्ताद, या मुली भरतीला पाठवायच्या आहेत की कुस्तीला?" आम्ही हसलो, म्हशीवाला हसला, आणि उस्ताद एवढे लाजले की त्यांचे कान लाल झालेले मी पहिल्यांदा आणि शेवटच्यांदा बघितले. साहेब चांगला माणूस. त्यांनी शेऱ्यात एवढंच लिहिलं की खुराकाचा वापर पूर्ण क्षमतेनं झाला आहे.

दुसऱ्या दिवसापासून पेला अर्धा झाला, थंडाई बंद, शिरा बंद, आणि उस्ताद स्वतः आमच्याबरोबर धावायला लागले. साठीचा माणूस, धोतर वर खोचलेलं, शिट्टी तोंडात. चूक त्यांची म्हणून शिक्षाही त्यांना, असा त्यांचा हिशोब. आमचा सगळ्यांचाच घाम निघाला. भरतीला गेलो तेव्हा अंगात ताकद पैलवानाची आणि पाय हरणाचे नसले तरी निदान शेळीचे झाले होते. सात जणींची निवड झाली, त्यात मी. उस्तादांनी पेढे आणले आणि पहिला पेढा नेऊन म्हशीला भरवला. पहिला मान तिचाच म्हणाले. माझ्या वाटणीचा पेढा आईनं काळ्या बोटांनी अर्धा मोडला, अर्धा पदरात बांधला आणि वाडीत घरोघर दाखवला. पोरगी पोलीस झाली म्हणून दाखवायला दुसरं काही तिच्याकडं नव्हतं.

आता गंमत संपते, थोडा वेळ. प्रशिक्षण झालं आणि मला पहिलं ठाणं मिळालं, नाव सांगत नाही, घाटाकडचं छोटं ठाणं. मी तिथली पहिली बाई. माणसं वाईट नव्हती, पण ठाण्यात बाईसाठी मोरी नव्हती. पुरुष मागच्या भिंतीकडं जायचे. मी कुठं जाणार? चौदा-चौदा तास ड्युटी. मी पाणी प्यायचं सोडलं. सकाळी घोटभर, मग थेट रात्री खोलीवर. कुणाला सांगायचं? साहेबांना सांगायची लाज, आईला सांगितलं तर ती म्हणणार की सोडून ये. तीन महिन्यांत लघवीला आग, ताप, चक्कर. त्यात एक चांगलं स्थळ आलं, नोकरी सोडायच्या अटीवर. मी आजारपणाची रजा टाकून आजऱ्याला आले आणि राजीनामा लिहिला.

उस्तादांना कुणी कळवलं कोण जाणे. तिसऱ्या दिवशी दुपारी आमच्या दारात उभे, हातात दुधाची किटली. कोल्हापूर ते आजरा एसटीत मांडीवर धरून आणलेली. आमच्या वाडीत त्यांच्या समाजाचा माणूस असा घरात येऊन बसायची, जेवायची तेव्हा फार रीत नव्हती. ते आले, बसले, आईच्या हातची भाकरी मागून खाल्ली. मग माझा राजीनामा मागितला. मी दिला. वाचला, पाटावर ठेवला आणि त्याच्यावर दुधाचा पेला ठेवला. मी प्यायले. मग विचारलं, काय झालं. आईसमोर सांगायची लाज वाटली. पण उस्तादांनी आमची मनगटं मोजली होती, त्यांच्यापुढं काय लाजायचं... मी सांगून टाकलं.

ते रागावतील असं वाटलं होतं. रागावले नाहीत. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "मी पाजत बसलो, आणि तू पानी सोडलंस व्हय गं," एवढंच म्हणाले. मग उठले, चपला घातल्या. राजीनामा माझ्याच हातात दिला. "द्यायचा तर दे. पर चार दिस थांब. पोटात पानी असताना ठरव." आणि संध्याकाळची एसटी धरून गेले. कुठं गेले ते सांगितलं नाही.

चार दिवसांनी परत आले आणि म्हणाले, चल. मला घेऊन ते त्या घाटाकडच्या गावी गेले. ठाण्याच्या समोर एक बांगड्यांचं दुकान होतं, मागं घर. बाळाबाई कासारीण आणि तिची सासू. बाळाबाईनं मला हाताला धरून आत नेलं, मागची मोरी दाखवली, पाण्याचा हंडा दाखवला, दाराची आतली कडी वाजवून दाखवली. म्हणाली, दिवसा-रात्री कधी पण ये, विचारायचं नाही. मी त्या हंड्यातलं तांब्याभर पाणी तिथंच प्यायले. नंतर बाळाबाईनंच सांगितलं की उस्ताद तिच्याकडं यायच्या आधी तीन घरं फिरून आले होते. एका घरात सगळं ठरलं होतं, पण त्या बाईनं विचारलं की पोरगी कुणाची, म्हणजे कुठल्या जातीची. उस्ताद म्हणाले, "माझी." आणि पुढ्यात आलेला चहा न पिता तिथून उठले. उस्ताद चहा न पिता उठले यातच त्यांचा राग किती होता ते काकींना विचारा. बाळाबाईनं काही विचारलं नाही. मी तिथं नोकरी केली ती पाणी पिऊन केली. ते स्थळ गेलं. पुढं मला एसटीतला नवरा मिळाला, त्याला माझ्या टोपीचा माझ्यापेक्षा जास्त अभिमान आहे.

त्यानंतर उस्तादांना हा नादच लागला. त्यांच्या हाताखालून गेलेल्या कुठल्याही मुलीची बदली झाली की ती हजर व्हायच्या आधी उस्ताद त्या गावात. ठाण्याच्या आजूबाजूचं एखादं घर बघायचं, बायामाणसांशी बोलायचं, मोरी बघायची, कडी लागते का बघायचं. "पावणं, आमची पोरगी हितं ड्युटीला येनार हाय," अशी सुरुवात. वर्षाच्या शेवटी अनुदानाचा फॉर्म भरायचा असे, त्यात एक रकाना होता, उमेदवार नोकरीत टिकण्यासाठी केलेले उपाय. बाकीच्या संस्था तिथं मार्गदर्शन, समुपदेशन असं काहीबाही लिहीत. उस्तादांनी आपल्या ठळक अक्षरात लिहिलं, 'मोऱ्या बघितल्या.' पुण्याहून तेच साहेब पुन्हा आले. असा उपाय कुठल्याच नियमात बसत नाही म्हणाले, आणि पुढच्या तुकडीची शिफारस करून गेले. जाताना अर्धा पेला दूध पिऊन गेले.

खूप वर्षांनी, काकींबरोबर शेंगा फोडत बसले असताना, मला एक गोष्ट कळली. आमच्या सात जणींतल्या तिघींनी पहिल्या वर्षातच नोकरी सोडली होती. निम्म्या टिकायच्या म्हणजे चौघी हव्या होत्या. चौथी मी. मी तो राजीनामा दिला असता तर अनुदान बंद, पुढच्या तुकडीच्या मुली घरी. अनुदानाचे ते फॉर्म उस्तादांच्या खिशात होते त्या दिवशी, आमच्या घरी भाकरी खाताना. आणि त्यांनी एका शब्दानं तो विषय काढला नाही. मी तशीच अंगणात गेले आणि त्यांच्यावर ओरडले की मला सांगितलं का नाही. त्यांनी म्हशीच्या पाठीवरून हात फिरवत उत्तर दिलं. "सांगितलं असतं तर त्या पोरींसाठी राहिली असतीस. नोकरी तुजी हाय, अनुदान माजं."

अलीकडं सगळीकडं बायकांसाठी सोय झाली. फरशी, नळ, दारं. आम्ही दोघी-तिघी मैत्रिणी उस्तादांना चिडवायचो की आता तुमचा धंदा बसला. ते म्हणायचे, "मोरी झाली गं, पर तितं दूध कोन देतंय?" आम्ही हसायचो. मला तो निव्वळ हट्ट वाटायचा, म्हातारपणीचा.

त्यांना अग्नी देऊन आलो त्याच्या आठव्या दिवशी मी गारगोटीला हजर झाले. मन कशात नव्हतं. ठाणं चांगलं आहे, बायकांची खोली वेगळी, सगळं स्वच्छ. दुपारी मी बाहेर पायरीवर उभी होते तर समोरच्या गल्लीतून एक बाई आली, साठीची असेल, हाताला पीठ लागलेलं. माझ्या छातीवरची नावाची पट्टी तिनं अक्षर अक्षर लावून वाचली. "कांबळे... आजऱ्याची? उस्तादांची पोरगी तूच व्हय?" मी मान हलवली. ती सांगत होती की एक म्हातारं माणूस मागच्या महिन्यात एसटीनं आलतं, दोन तास बसून गेलं. मोरी बघितली, कडी बघितली, आणि एवढंच सांगून गेलं की आमची पोरगी येईल, चिडलेली असेल, तिच्याशी काही बोलू नका, आधी दूध द्या. ते कधी येणार परत, असं तिनं विचारलं. मी सांगितलं. मग ती बाई आणि मी, मला तिचं नावही माहीत नसताना, त्या पायरीवर बसून रडलो, आणि मग ती उठली, माझा हात धरून घरी घेऊन गेली.

ठाण्यात मोरी आहे. तरी मी रोज दुपारी समोर जाते. सोनाबाई तिचं नाव. ती पेला माझ्या पुढं ठेवते आणि मी तो रिकामा करेपर्यंत एक शब्द बोलत नाही, उस्तादांनी सांगितलंय ना. तो अर्ज अजून पर्समध्ये आहे, घडी विरत चालली आहे. द्यायचा की नाही ते मी ठरवणार आहेच. पण उपाशीपोटी ठरवायचं नाही, आणि पोट भरलं की काय ठरवायचं होतं तेच मला आठवत नाही.